रिनोव्हेशनला मराठीत काय म्हणतात?

आठवीच्या वर्गात मराठीचा तास होता. आदल्या दिवशी मुलांना घरचा अभ्यास दिला होता, की येता-जाता दुकानांवर जे इंग्रजी शब्द मराठी लिपीत लिहिलेले दिसतील ते वहीत उतरवून आणा, आपण त्यांना मराठी आणि उर्दू शब्द शोधू. अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावात अशा शब्दांना काय तोटा! मोबाईल रिपेअरिंग, लेडीज टेलर, होलसेल, सर्व्हिस सेंटर. एका मुलाने एका दुकानाच्या शटरवर चिकटवलेला कागदच जसाच्या तसा उतरवून आणला होता: ‘रिनोव्हेशनच्या कामामुळे दुकान बंद राहील.’

मी फळ्यावर लिहिलं, रिनोव्हेशन म्हणजे नूतनीकरण. उर्दूत तजदीद. मुलांनी उतरवून घेतलं. हा मुलगा मात्र पेन हातात धरून तसाच बसला. मग म्हणाला, “टीचर, नूतन याने नया ना? तो फिर पुराना किधर गया?”

वर्ग हसला. मीही हसले आणि पुढचा शब्द घेतला. खरं सांगायचं तर मला उत्तर देता आलं नाही. कारण त्याच महिन्यात, ह्याच एका शब्दावरून, माझे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते.

आमचं घर जुन्या गावठाणात आहे. दादांनी, म्हणजे अब्बांच्या वडिलांनी बांधलेलं. दगड-मातीच्या भिंती, चार सागवानी खांब, वर आधी कौलं होती, नंतर पत्रे आले. दाराची चौकट जाडजूड आहे. तिच्या एका बाजूला खिळ्याने मारलेल्या रेघा आहेत. आम्हा तिघा भावंडांची उंची अब्बा दर ईदला तिथे मोजायचे. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. अब्बा गेले त्याला चार वर्षं झाली. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात मागची भिंत फुगली, ओल वर चढली, आणि घराचं काय करायचं हा प्रश्न आला.

धाकटा चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, “रिनोव्हेशन करून टाकू.” थोरले भाईजान गावातच असतात. ते म्हणाले, “हां, मरामत तर करावीच लागेल.” दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला, अम्मी खूश झाली. आठ दिवसांनी धाकट्याने व्हॉट्सॲपवर नकाशा पाठवला. खाली तीन गाळे, वर दोन मजले, पुढे स्टीलचा कठडा. भाईजानने तो मोठा करकरून पाहिला आणि विचारलं, “यात आपलं घर कुठंय?” धाकटा म्हणाला, “हेच आपलं घर.” त्यानंतरचं बोलणं मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना ते पाठ असेल.

दोघांचंही पूर्ण चुकत नव्हतं, हे आधी सांगायला हवं. घरात आत संडास-बाथरूम नाही. अम्मी रात्री अंगण ओलांडून जाते, एकदा घसरून पडलीसुद्धा. धाकट्याच्या मुलीला उंदरांची भीती वाटते, म्हणून तो सुट्टीतही राहायला येत नाही. गाळ्यांचं भाडं आलं तर अम्मीच्या औषधांचा प्रश्न सुटतो. भाईजानला कर्जाची धास्ती होती, आणि त्या खांबांचा जीव होता. मला कुणी काही विचारलं नाही. बहिणीचाही हिस्सा असतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, फक्त वेळेवर आठवत नाही.

मी दुसरं काय करणार? उर्दू आणि मराठीची शिक्षिका. बी.एड.ला शिकवलं होतं की मुलाला उत्तर येत नसेल तर आधी प्रश्नातला शब्द समजलाय का बघा. मी शब्दकोश काढून बसले.

रिनोव्हेशन हा शब्द लॅटिनमधून आलेला. त्यातला ‘नोवुस’ म्हणजे नवा. आणि हा नोवुस कुणी परका नाही. संस्कृतातला नव, आपल्या मराठीतला नवा, फारसीतला नौ, ज्याच्यापासून नौरोज झाला, हे सगळे एकाच फार जुन्या घराण्यातले चुलतभाऊ. म्हणजे ज्या शब्दाला मी दुकानाच्या शटरवर पाहून नाक मुरडलं तो आमच्याच खानदानातला निघाला. पण त्याच्या पुढे ‘रि’ आहे. रि म्हणजे पुन्हा. जे आधीपासून आहे तेच पुन्हा नवं करता येतं. जे नाहीच, ते नुसतं नवं असतं. आपल्याकडे पाट्यांवर रिनोव्हेशन लिहितात तेव्हा हा ‘रि’ बहुतेक वेळा जेसीबीखाली जातो. धाकट्याच्या नकाशातही नवं सगळं होतं, ‘पुन्हा’ कुठे नव्हतं.

मग भाईजानचा शब्द घेतला, मरामत. जुन्या मराठी कागदपत्रांत किल्ल्यांची मरामत, वाड्यांची मरामत सापडते. उर्दूत तो मरम्मत. (हिंदी सिनेमात ती माणसाचीही करतात, ती गोष्ट वेगळी!) मूळ अरबी. या शब्दाचं मूळ पाहिलं आणि मी थोडा वेळ कोश मिटून बसले. ज्या तीन अक्षरांपासून मरम्मत झाला, त्याच अक्षरांपासून अरबीत कुजण्याचा, झिजून जाण्याचा शब्दही होतो. सूरह यासीन आपल्याकडे मयताच्या घरी वाचतात. तिच्यात झिजून भुगा झालेल्या हाडांसाठी जो ‘रमीम’ शब्द येतो तो हाच. झिजणं आणि सावरणं एकाच मुळातून. यासीन मी लहानपणापासून वाचते आहे, अब्बांच्या वेळी तर चाळीस दिवस वाचली, पण रमीमच्या पोटात मरम्मत आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रोजचा शब्द मात्र दुरुस्ती. हाही फारसीतून आलेला, पण मराठीत येऊन त्याचा स्वभाव बदलला. उर्दूत दुरुस्त म्हणजे बरोबर. समोरच्याचं म्हणणं पटलं की आम्ही म्हणतो, आप दुरुस्त फ़रमाते हैं. मराठीत दुरुस्त म्हणजे मोडलं होतं ते नीट केलेलं. उर्दूत नादुरुस्त म्हणजे चुकीचं, गैर. मराठीत संगमनेरच्या रस्त्यावर थांबलेली एसटी नादुरुस्त असते. माझ्या वर्गातली मुलं दोन्ही भाषा एकाच दप्तरात आणतात, त्यामुळे त्यांचा घोटाळा होतो. मला तो घोटाळा आवडतो. उर्दूतला दुरुस्त जन्मतःच शहाणा आहे. मराठीतला दुरुस्त एकदा मोडून, गॅरेजमध्ये जाऊन आलेला आहे.

आता कुणी म्हणेल, हा शब्द तरी मराठी कुठे? अशी चर्चा आपल्याकडे नवी नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश झाला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, महापौर हे शब्द त्या चळवळीने दिले आणि आपण ते रोज वापरतो. मीही फळ्यावर दिनांक लिहिते. माधव जूलियन यांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश केला, मराठीत फारसीचं किती देणं मुरलेलं आहे ते पानोपानी दाखवून दिलं. पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. पण झालं काय? दिनांक आला, तारीख गेली नाही. कोर्टात आजही तारीखच पडते. सुधारणा आहे, दुरुस्तीही आहे. भाषेच्या घरात खोल्या वाढल्या, जुन्या खोल्या कुणाला पाडता आल्या नाहीत. कुणी मला कौतुकाने म्हणतं, “मॅडम, तुम्ही मुस्लिम असून तुमचं मराठी किती शुद्ध!” तेव्हा मी हसून गप्प बसते. मनात येतं, अहो, ही भाषा शुद्ध नाही, दुरुस्त आहे. ह्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद बाबा होऊन गेले. योगसंग्राम लिहिताना त्यांना असं प्रमाणपत्र कुणी दिलं असेल का?

घरासाठी आणखी एक मोठा शब्द आहे, जीर्णोद्धार. ज्यांचं नाव आता आपल्या जिल्ह्याला दिलं आहे त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांच्या कामामुळे हा शब्द घराघरात पोचला. पण तो देवळांचा, बारवांचा, घाटांचा. आमच्या मागच्या भिंतीला तो पेलवला नसता.

तिला अब्बांचे शब्द जमले असते. अब्बा नवे कपडे शिवायचे, पण त्यांचं नाव होतं रफूसाठी. राजूर, कोतूळ, समशेरपूर, कुठून कुठून लोक बाजाराच्या दिवशी फाटलेले कपडे घेऊन यायचे. अब्बा आधी कपडा उजेडाकडे धरायचे. मग गिऱ्हाइकाला विचारायचे, “लपवायचं का टिकवायचं?” लपवायचं असेल तर रफू. त्याच कापडाच्या शिवणीतून आतला धागा काढायचा आणि त्याच धाग्याने विणायचं, म्हणजे फाटलेलं दिसत नाही. टिकवायचं असेल तर ठिगळ. ते दिसतं, पण शेतात दोन वर्षं जातं. उरलेल्या चिंध्या अम्मीकडे. अम्मी जुन्या साड्यांचे थर घालून त्यांची वाकळ शिवायची. तिच्यात लपवणं नाही आणि लाजही नाही, हिरव्याशेजारी लाल आणि लालशेजारी ठिपक्यांचं. एखाद्या कपड्याला अब्बा नाहीसुद्धा म्हणायचे. “हे कापडच संपलंय बाबा. धागा धरायला काही राहिलं नाही. नवीन घे.” त्यांना स्वतःचं गिऱ्हाईक गमवायचं दुःख नसायचं. कापड कुठे संपलं हे ओळखणं हाच त्यांचा हुनर होता.

रफू, ठिगळ, वाकळ, डागडुजी, मरामत, दुरुस्ती, जीर्णोद्धार. मोडलेल्या वस्तूसाठी आपल्याकडे इतके शब्द आहेत, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. आता सगळ्यांच्या जागी एकच पाटी लागते. एकच शब्द उरला की एकच उपाय सुचतो. माझ्या भावांचं नेमकं तेच झालं होतं. दोघे एका भिंतीबद्दल बोलतायत असं त्यांना वाटत होतं. एक पाडण्याबद्दल बोलत होता, दुसरा काहीच न हलवण्याबद्दल.

याच दिवसांत नववीला नागरिकशास्त्राच्या बदली तासावर गेले. धडा होता संविधानाचा. मराठीत आपण म्हणतो घटनादुरुस्ती. उर्दूच्या पुस्तकात शब्द आहे तरमीम. मी थबकलेच. तरमीम हा त्याच रमीमचा आणि मरम्मतचा भाऊ! अरबीत आजही जुन्या इमारतीची डागडुजी म्हणजे तरमीम. आणि इंग्रजी? कपडा मेंड करतात आणि घटना अमेंड करतात, हेही मुळात एकच शब्द. म्हणजे तीन भाषांनी, एकमेकींना न विचारता, देशाच्या कायद्यासाठी शिंप्याचा आणि गवंड्याचाच शब्द निवडला.

ह्या एका शब्दाचा अर्थ ठरवायला सर्वोच्च न्यायालयात तेरा न्यायमूर्ती बसले होते. केरळमधल्या एका मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांचा खटला. ६८ दिवस युक्तिवाद चालला, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला. प्रश्न असा होता की संसदेला घटना दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, मग त्या अधिकारात काय काय बदलता येतं? सगळंच? न्यायालयाने सांगितलं, दुरुस्ती कुठल्याही कलमाची करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. न्यायमूर्ती खन्ना यांचा मुद्दा तर असा होता, की दुरुस्ती म्हणायचं असेल तर जुनी घटना ओळखू येईल अशी शिल्लक राहिली पाहिजे. ती उरलीच नाही तर त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही. त्या घटनेत आजवर शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या. शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क झाला तो २००२ च्या अशाच एका दुरुस्तीने, आणि माझ्या वर्गातली कितीतरी मुलं त्या बळावर बाकावर बसलेली आहेत. माझ्यासारख्या बाईला ह्या देशात आपलं घर कुठंय असं कधी वाटलंच, तर ती ह्याच चौकटीला हात लावून उभी राहते.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. पुराना किधर गया? तो चौकटीत असायला हवा.

शनिवारी मी भाईजानकडे गेले. त्यांना धाकट्याला फोन लावायला सांगितलं. लावेनात, म्हणून मीच लावला आणि स्पीकरवर ठेवला. सुरुवातीला दोघे माझ्याशीच बोलत होते, एकमेकांशी नाही. भाईजान म्हणाले, “याला सांग, भंडारदऱ्याचं धरण पाडलं होतं का?”

ही अब्बांची गोष्ट. भंडारदऱ्याचं दगडी धरण १९२६ मध्ये पुरं झालं. १९६९ मध्ये त्याला तडे जाऊन गळती लागली. धरण फुटणार अशी आवई उठली आणि प्रवरेकाठची माणसं रात्री सामान बांधून बसली होती, असं अब्बा सांगायचे. पुढच्या काही वर्षांत धरणाला खालच्या अंगाने भक्कम टेकू बांधले, मजबुती केली. धरण उभं आहे, आणि त्याचं पाणी आजही आमच्या गावावरून जातं.

धाकटा फोनवरून म्हणाला, “पण टेकू नवे बांधलेच ना? गळतं तसं ठेवलं नाही ना?”

चार महिन्यांत त्यांनी एकमेकांना दिलेलं हे पहिलं उत्तर होतं. मी मध्ये पडले. म्हटलं, रिनोव्हेशन आणि मरामत हे दोन्ही शब्द आजपासून घरात बंद. आपण यादी करू, काय राहणार आणि काय जाणार. आणि ह्या यादीत तिसरा हिस्सेदार मी आहे. दोघे गप्प झाले. मग भाईजान म्हणाले, “हां, ते राहूनच गेलं.”

जुन्या ओळखीचे एक गवंडी मिस्त्री आले. त्यांनी भिंतीला बोटाने टोकरलं, खांबाच्या बुडाशी पोगर मारून पाहिलं, अब्बा कापड बघायचे तसंच. म्हणाले, “मागची भिंत गेली. तिचा नाद सोडा. खांब लोखंडासारखे आहेत, चौकट अजून तुमच्या नातवंडांना पुरेल.” भाईजानचा चेहरा उतरला. पण भिंत संपलीय हे त्यांनाही दिसत होतं. मागच्या अंगाला नवी भिंत, आत संडास-बाथरूम, वर एक खोली धाकट्यासाठी. पुढे दुकानाच्या जागी एकच गाळा, भाड्याने. चौकट, खांब आणि ओटा तसेच.

मिस्त्रींचा हा सल्ला. हा सल्लाही आपल्याकडे अरबीतून आला. सल्ला, मसलत, सुलह आणि इस्लाह हे सगळे एका मुळाचे. उस्ताद शागिर्दाच्या शेरावर लेखणी फिरवतो ती इस्लाह, भांडलेल्या दोघांना जवळ आणतात तीही इस्लाह. सूरह हुजुरातमध्ये सगळे ईमानवाले भाऊ आहेत असं सांगून लगेच भावाभावांत समेट घडवायला सांगितलं आहे, तिथे हाच शब्द येतो. भाऊ म्हटलं की समेटाची गरज पडणार, हे अल्लाहला ठाऊक असणारच.

सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. खर्च अंदाजापेक्षा वाढला, त्यावरून एकदा आवाज चढला. दोघे अजून पूर्वीसारखे तासन्‌तास गप्पा मारत नाहीत. पण सिमेंटच्या गोण्या किती आल्या, एवढं रोज विचारतात. ठिगळ आहे, दिसतंही. पण टिकेल असं वाटतं. भिंत पाडली त्या दिवशी अम्मी ओट्यावर बसून होती. सगळा ढिगारा बघून म्हणाली, “गिराने कू एक दिन लगा. चौकट नको हिलाओ बस.”

धाकटा रमजान ईदला मुलीला घेऊन आला. इंग्रजी कोशात मी एक गंमत वाचली होती. रिपेअरचे दोन शब्द आहेत, दिसायला एकसारखे, मूळ वेगळं. एकाचा अर्थ दुरुस्त करणं. दुसरा आता फारसा कुणी वापरत नाही. त्याचा अर्थ कुठेतरी जाणं, आणि त्याचं मूळ आपल्या मुलखात परतणं हे आहे. धाकट्याने मुलीला चौकटीशी उभं केलं आणि भाईजानकडे खिळा मागितला. तिची रेघ त्याच्या नवव्या वर्षाच्या रेघेच्या दोन बोटं वर निघाली.

सोमवारी वर्गात तो शब्द मी पुन्हा घेतला. फळ्यावर नूतनीकरण तसंच ठेवलं, खाली लिहिलं: दुरुस्ती, मरामत, रफू, ठिगळ, तरमीम, इस्लाह. प्रत्येकाचा एकेक प्रसंग मुलांनाच सांगायला लावला. तास संपता संपता तोच मुलगा वही घेऊन आला. पहिल्या दिवशीचं पान फाडू का म्हणून विचारत होता, त्यात अर्थ अर्धाच लिहिला होता.

म्हटलं, पान फाडायचं नाही. खाली ‘दुरुस्ती’ लिही, आणि पुढे लिहीत जा.